एका नावाची अनेक गावं, एका माणसाची अनेक नावं

(शिरगाव, ता. मावळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



वाचनालयाच्या कामात आयुष्य घातलेल्या माणसाच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, म्हणून विषयही वाचनालयाच्या पोटातलाच निवडला आहे. ग्रंथालयं, दप्तरखाने आणि वस्तुसंग्रहालयं यांच्याजवळची माहिती एकमेकींशी कशी जोडायची आणि ती सगळ्यांसाठी खुली कशी ठेवायची, हा तो विषय. जगभर त्याला लिंक्ड ओपन डेटा म्हणतात. विषय नव्या यंत्रांचा वाटेल, पण त्याची बहुतेक उदाहरणं मला मावळातच सापडली.

इथून जवळच्या शेलारवाडीच्या डोंगरापासून सुरुवात करतो. तिथल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे. धेनुकाकट नावाच्या गावी राहणारा, नांगर धरणारा उसभणक नावाचा कुटुंबी. त्याची पत्नी सिअगुतनिका हिने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं, असा त्याचा आशय आहे. राजा नाही, सेनापती नाही, श्रेष्ठीही नाही. शेतकऱ्याच्या घरातली बाई आपल्या स्वतःच्या नावाने दगडात उरली आहे. मावळच्या इतिहासात याहून मोलाची नोंद मला माहीत नाही.

आता समजा, इथल्या एखाद्या मुलीला या बाईविषयी आणखी जाणून घ्यायचं आहे. पहिली अडचण डोंगराच्याच नावाची. कुणी त्याला शेलारवाडीची लेणी म्हणतं, कुणी घोरावडेश्वर, कुणी घोराडेश्वर. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच डोंगर गारोडी म्हणून येतो. दुसरी अडचण धेनुकाकटाची. हे नाव कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर पुन्हा पुन्हा येतं. खांब देणारे कितीतरी दाते स्वतःला धेनुकाकटचे म्हणवतात आणि त्यांत काही जण यवन आहेत, म्हणजे ग्रीक किंवा तसं बिरुद घेतलेले. शेलारवाडीची शेतकरीण आणि कार्ल्याचे हे यवन एकाच गावचे होते! पण हा संबंध कुणाच्या लक्षात यायचा तर दोन्हीकडचे लेख त्याने वाचलेले हवेत. लेखांची वाचनं एपिग्राफिया इंडिकात, छायाचित्रं पुरातत्त्व खात्याकडे, चर्चा दामोदर धर्मानंद कोसंबींच्या लेखनात आणि सर्वेक्षणाचे अहवाल तिसऱ्याच कपाटात. सगळं छापलेलं आहे. नष्ट काहीच झालेलं नाही. तरी त्या मुलीला ते मिळत नाही, कारण या कपाटांतल्या नोंदींना एकमेकींची ओळख नाही.

गेली काही वर्षं आपण स्कॅनिंगवर भर दिला आणि ते आवश्यकच होतं. कागद ठिसूळ होत होते, वाळवी थांबणारी नव्हती. पण स्कॅन केलेला कागद संगणकात ठेवला म्हणजे तो सापडतो असं नाही. छायाचित्र मिळतं, छायाचित्रात कुणाविषयी लिहिलं आहे हे संगणकाला कळत नाही. ते कळण्यासाठी माणसाने एकदा बसून सांगावं लागतं की या कागदातला हा माणूस म्हणजे त्या पुस्तकाचा तो लेखक, हे गाव म्हणजे नकाशावरचं ते गाव. माझा आजचा सगळा आग्रह या सांगण्यासाठी आहे.

गावांचंच घ्या. आपण शिरगावात बसलो आहोत. साईबाबांच्या मंदिरामुळे पुण्या-मुंबईचे लोक या गावाला प्रतिशिर्डी म्हणतात. पण नुसतं ‘शिरगाव’ म्हटलं तर कोणतं? देवगड तालुक्यात शिरगाव आहे. पालघरजवळ समुद्रकाठी किल्ल्याचं शिरगाव आहे. बदलापूरला लागून शिरगाव आहे. गोव्यात लईराईच्या जत्रेचं शिरगाव आहे. दप्तरात ‘मौजे शिरगाव’ एवढंच लिहिलेला कागद निघाला तर तो यांपैकी कुणाचा? कागद लिहिणाऱ्याला प्रश्न नव्हता, कारण त्याच्या तरफेत एकच शिरगाव होतं. प्रश्न आपल्यापुढे आहे, कारण आपण सगळे कागद एकत्र शोधतो.

हाच गोंधळ टपाल खात्यापुढे होता. त्यावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने, संस्कृतचे कवी असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला आणि एकाच नावाची गावं पत्रांच्या बाबतीत वेगळी झाली. लिंक्ड डेटाची मूळ कल्पना तीच आहे: प्रत्येक गाव, माणूस, ग्रंथ, वस्तू, घटना यांना एक न बदलणारा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक इंटरनेटवर पत्त्यासारखा चालवायचा.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये याचे चार साधे नियम लिहिले. प्रत्येक गोष्टीला वेबवरचा पत्ता द्या. तो पत्ता कुणालाही उघडता येईल असा ठेवा. उघडल्यावर त्या गोष्टीची उपयोगी माहिती ठरावीक पद्धतीने मिळू द्या. आणि त्या माहितीतून दुसऱ्यांच्या पत्त्यांकडे दुवे द्या. माहिती लिहायची ती छोट्या विधानांत, प्रत्येक विधानाला तीन पदं: सिअगुतनिका – दान देते – शेलारवाडीचं लेणं. सिअगुतनिका – पती – उसभणक. उसभणक – राहतो – धेनुकाकट. कार्ल्याचा अमुक खांब – दात्याचं गाव – धेनुकाकट. शेवटच्या दोन विधानांत धेनुकाकटाचा पत्ता एकच असेल तर शेतकरीण आणि यवन आपोआप एकमेकांसमोर येतात. ते एका पुस्तकात कधीच शेजारी छापले गेले नसले तरीही.

आता माणसाच्या नावाकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ही गोष्ट तुमच्या तालुक्याच्या गावाची आहे. रघुनाथरावांना पुण्यात आणून बसवण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून मावळात आली. महादजी शिंदे आणि नाना फडणिसांनी तिची रसद तोडली, पुढचा मुलूख जाळून ओसाड केला. फौज तळेगावपर्यंत पोहोचली, तिथून माघारी फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. त्याआधी कार्ल्याजवळ एक इंग्रज कॅप्टन मारला गेला. नाव जेम्स स्टुअर्ट. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं आणि वडगावला त्याची समाधी आजही लोक दाखवतात. ग्रँट डफने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही हे मराठी नाव इंग्रजी वळणाने आलं आहे.

या एका लढाईचे कागद किती ठिकाणी असतील? ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. मुंबई सरकारची दप्तरं मुंबईच्या पुराभिलेखागारात. पेशव्यांची पुण्याच्या पेशवे दप्तरात, रुमालांत बांधलेली, मोडीत लिहिलेली. लंडनच्या सूचीत ‘स्टुअर्ट’ शोधलं तर इष्टूर सापडणार नाही. मराठी ग्रंथालयात ‘इष्टूर’ शोधलं तर स्टुअर्ट सापडणार नाही. तारखेचंही तेच. इंग्रज लिहितो जानेवारी १७७९. मराठी कागदावर असतं शके १७००, पौष. नाहीतर शुहूर सन तिसा सबैन मया व अलफ, म्हणजे नऊ, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७९. तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात. मोडीचा जाणकार हे हिशेब मनातल्या मनात करतो. पण तो जाणकार गेला की हिशेबही जातो, आणि पुढचा अभ्यासक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तो हिशेब एकदाच, विधान म्हणून, खुल्या जागी लिहून ठेवला तर पुढच्या माणसाची मेहनत पुढच्या प्रश्नावर खर्च होईल.

ही पद्धत आपल्याला परकी नाही, त्याचं कारण आता सांगतो. आपल्या इतिहास-संशोधनात ‘लेखांक’ नावाची शिस्त आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्यात प्रत्येक पत्राला लेखांक दिलेला आहे. आजही कुणी ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ म्हटलं की नागपूरचा अभ्यासक आणि लंडनचा अभ्यासक एकच पत्र उघडतो. त्या काळी वेब नव्हतं, पण न बदलणारा पत्ता होता. ब्राह्मी लेखांच्या बाबतीत जर्मन पंडित हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९१२ मध्ये सूची छापली आणि प्रत्येक लेखाला क्रमांक दिला. सिअगुतनिकेचा लेख त्यात ११२१ वा आहे. शंभर वर्षं उलटली, त्यानंतर वाचनं सुधारली, मतं बदलली, पण ल्यूडर्स ११२१ म्हणजे कोणता लेख यात कुणाला शंका नाही. पुस्तकांच्या बाबतीत शंकर गणेश दाते यांनी हेच केलं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये आली, त्यानंतर १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा भाग. ज्याने ती कधी हाताळली आहे त्याला कळतं की एका माणसाने कोणता डोंगर उचलला होता.

राजवाडे, ल्यूडर्स आणि दाते यांच्या क्रमांकांना इंटरनेटवरचा पत्ता देणं, हे मराठीतलं पहिलं लिंक्ड डेटाचं काम असायला हवं, असं माझं मत आहे. नवे क्रमांक शोधून काढण्याआधी जुने जपले पाहिजेत. अभ्यासकांच्या पिढ्यांनी तळटीपांत ते वापरले आहेत. प्रत्येक तळटीप ही तयार जोडणी आहे.

आणि मावळात बसून बोलताना रियासतकारांचं नाव न घेऊन चालणार नाही. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत निघाले. जदुनाथ सरकारांसारखा इतिहासकार त्यांच्या भेटीला कामशेतला येत असे. त्या दोघांच्या मैत्रीने मराठ्यांच्या इतिहासाचा किती पाया घातला हे सांगायला वेगळं व्याख्यान लागेल. पण आज सरदेसायांविषयीचं साहित्य शोधायला निघालात तर काय होतं? ग्रंथालयांच्या सूचीत ते कुठे ‘सरदेसाई, गो. स.’, कुठे ‘सरदेसाई, गोविंद सखाराम’, कुठे इंग्रजी आद्याक्षरं, कुठे ‘रियासतकार’, कुठे आडनावामागे रावबहादूर. जदुनाथांचा ग्रंथसंग्रह कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिथल्या सूचीला कामशेत म्हणजे मावळातलं एक रेल्वे स्टेशन हे ठाऊक असण्याचं कारण नाही. सरदेसाई १९५९ मध्ये गेले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं, म्हणजे १ जानेवारी २०२० पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. मराठी विकिस्रोतावर ते टंकून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. कामशेतच्या, वडगावच्या, तळेगावच्या शाळांनी हे काम वाटून घेतलं तर दोन-तीन वर्षांत होण्यासारखं आहे.

साधनांविषयी थोडं व्यवहाराचं बोलतो, कारण इथे काही ग्रंथपालही आलेले आहेत. पहिलं साधन विकिडेटा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेलं, विकिपीडियाच्या कुटुंबातलं. त्यात प्रत्येक गोष्टीला क्यू या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो: पुणे म्हणजे क्यू१५३८, महाराष्ट्र म्हणजे क्यू११९१, मराठी भाषा म्हणजे क्यू१५७१. क्रमांक एक, नावं मात्र हव्या तितक्या भाषांत आणि हव्या तितक्या रूपांत. म्हणजे इष्टूर फाकडा हे ‘दुसरं नाव’ म्हणून जेम्स स्टुअर्टच्याच नोंदीत बसतं. शिवाय अशा नोंदींत ब्रिटिश लायब्ररीचा क्रमांक, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा क्रमांक, जनगणनेतला गावाचा संकेतांक असे इतरांचे क्रमांक नोंदता येतात. तिथून जोडणी सुरू होते.

दुसरं साधन ओपनरिफाइन. हे तुमच्याच संगणकावर चालतं आणि फुकट आहे. दाखल-नोंदवहीवरून टंकलेली यादी त्यात घालायची. ते सारखी दिसणारी नावं शेजारी आणून दाखवतं, मग प्रत्येक नावासाठी विकिडेटातल्या संभाव्य नोंदी सुचवतं. निवड तुम्ही करायची. इथे घाई करणाऱ्यांनी सगळं बिघडवलेलं मी पाहिलं आहे. एका ठिकाणी यंत्राने सुचवलेलं सगळं डोळे झाकून मान्य केलं गेलं आणि एका संतकवीच्या नावावर त्याच नावाच्या विसाव्या शतकातल्या लेखकाची पाठ्यपुस्तकं जाऊन बसली. यंत्र सुचवेल, पण ओळख पटवायची ती पुस्तक हातात घेतलेल्या माणसाने. म्हणून ग्रंथपालाचं काम या साधनांनी कमी होत नाही, अधिक जबाबदारीचं होतं.

मराठीच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत आणि त्या इतर देशांतल्या मार्गदर्शक पुस्तिकांत सापडणार नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे जुन्या मुखपृष्ठावर ‘शिरगांव’ आणि नव्यावर ‘शिरगाव’. आपल्या डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. ऱ्हस्व-दीर्घाचे बदल तसेच. ‘ऱ्या’मधला र संगणकात दोन पद्धतींनी साठवला जाऊ शकतो, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात आणि शोधाला एकच सापडतो. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये केलेल्या याद्या. १९९० च्या दशकात ज्या ग्रंथालयांनी हौसेने संगणक घेतले त्यांच्या याद्या आज उघडल्या तर नुसती चिन्हं दिसतात. त्या रूपांतरित होऊ शकतात, पण तो फॉन्ट कोणता हे सांगणारा माणूस अजून आपल्यात असेपर्यंत हे करून घेतलं पाहिजे. माझ्या माहितीच्या एका वाचनालयात तर सूचीची प्रणाली बसवणारी कंपनी बंद पडली आणि यादी बाहेर काढण्याचा मार्गच उरला नाही. प्रणाली कोणतीही घ्या, पण घेण्याआधी विचारा की माझी सगळी माहिती साध्या तक्त्याच्या रूपात मला बाहेर काढता येईल का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर ती प्रणाली फुकट मिळाली तरी घेऊ नका.

परक्या जागेवर किती विसंबावं याचाही धडा या क्षेत्रात मिळालेला आहे. ओपनरिफाइन जन्मलं ते फ्रीबेस नावाच्या माहितीसाठ्याच्या कामासाठी. गूगलने तो विकत घेतला आणि २०१६ मध्ये बंद केला. त्यातलं काही विकिडेटात हलवता आलं, कारण माहिती खुल्या परवान्याखाली होती. साधनही खुलं होतं म्हणून स्वयंसेवकांनी ते चालवत ठेवलं. म्हणून मी म्हणतो, विकिडेटावर जरूर काम करा, पण आपला लेखांक आपल्या वहीत आणि आपल्या संगणकातही ठेवा. दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवतील अशी व्यवस्था करा.

आता वादाच्या प्रश्नांकडे वळतो. धेनुकाकट नेमकं कुठे होतं? कोसंबींनी मावळ आणि आसपासचा डोंगराळ भाग पायी पालथा घातला होता. हे गाव कार्ल्याच्या परिसरातच असावं असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या काही विद्वानांनी ते आंध्रातल्या धरणीकोटाशी जोडलं. मग नकाशावर खूण कुठे करायची? लिंक्ड डेटावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे: ही पद्धत इतिहासाचे प्रश्न तीन पदांच्या विधानात कोंबते आणि शंकेला जागा ठेवत नाही. घाईघाईने भरलेल्या तक्त्यांच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. पण पद्धतीतच उपाय आहे. प्रत्येक विधानाला ते कोणी, कोणत्या ग्रंथात, कोणत्या वर्षी केलं हे जोडता येतं आणि परस्परविरोधी विधानं शेजारी ठेवता येतात. धेनुकाकट – स्थान – कार्ल्याचा परिसर, मत कोसंबींचं. धेनुकाकट – स्थान – धरणीकोट, मत अमक्याचं. कुठलंही मत पुसलं जात नाही. उलट वाद नीट मांडला जातो, कोण कशाच्या आधारावर बोलतो हे एका नजरेत दिसतं. सरकारी माहितीफलकांवर एकच मत ठाम सत्य म्हणून लिहिलं जातं त्यापेक्षा हे किती तरी प्रामाणिक आहे.

ग्रंथालय, दप्तरखाना आणि संग्रहालय या तिघांनी एकत्र का यावं, याचं उदाहरण पुण्यातलं देतो. राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांना माहीत आहे. दिव्यांपासून अडकित्त्यांपर्यंत रोजच्या जगण्यातल्या वस्तू दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवल्या आणि संग्रहालयाला लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. हेच केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. ग्रंथालयाच्या सूचीत ते अज्ञातवासी आहेत, संग्रहालयाच्या नोंदीत केळकर. कविता वाचणाऱ्याला संग्रह दिसत नाही, संग्रह पाहणाऱ्याला कवी दिसत नाही. एकाच माणसाच्या मनाचे हे दोन भाग केवळ आपल्या कपाटांच्या रचनेमुळे तुटलेले आहेत.

बाहेरच्या जगात या वाटेने बरंच चालून झालं आहे. स्वीडनने २००८ मध्ये आपली राष्ट्रीय संयुक्त ग्रंथसूची लिंक्ड डेटाच्या रूपात खुली केली. २०१२ मध्ये युरोपातल्या सांस्कृतिक वारशाचं संकेतस्थळ असलेल्या युरोपियानाने दोन कोटींवर वस्तूंची वर्णनं कोणत्याही अटीशिवाय वापरायला दिली. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने कला आणि वास्तूंच्या संज्ञांचा आपला मोठा कोश २०१४ मध्ये खुला केला. आपल्याकडेही साधनं तयार होत आहेत. संग्रहालयांसाठीची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने बनवली आहे आणि देशातल्या मोठ्या संग्रहालयांत ती वापरली जाते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. एवढं जाळं फार थोड्या राज्यांत आहे. पण त्यांच्या याद्या त्यांच्याच भिंतींच्या आत राहतात. अनुदानाच्या तपासणीसाठी पुस्तकांची संख्या मोजली जाते. त्या पुस्तकांत काय आहे हे शेजारच्या गावालाही कळत नाही. ‘ड’ वर्गातल्या एखाद्या खेड्यातल्या वाचनालयात शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीतही नसलेलं पुस्तक असू शकतं. याची मला पूर्ण खात्री आहे, कारण मराठी छापखाने गावोगावी होते आणि स्थानिक पुस्तकं गावाबाहेर फारशी गेलीच नाहीत.

सगळंच खुलं करावं का? नाही. हा मुद्दा पुष्कळदा उरकून टाकला जातो, म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्या दप्तरांत माणसाच्या नावासोबत जात लिहिलेली असते. वतनाचे तंटे असतात, बहिष्काराचे निर्णय असतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. त्या नोंदींत हयात कुटुंबांच्या आजोबा-पणजोबांची नावं आहेत. रुमालात बांधलेला कागद क्वचित कुणी वाचतो. तोच कागद नाव, गाव आणि जातीसह जोडला गेला की एका शोधात एखाद्या मुलाच्या दारात येऊन उभा राहतो. असे कागद अभ्यासकांना मिळावेत, पण त्यांतल्या कुटुंबांच्या जोडण्या त्या समाजातल्या लोकांना विचारल्याशिवाय करू नयेत. तसंच उघड्यावरच्या मूर्ती आणि वीरगळ. मावळात गावोगाव वीरगळ आहेत, त्यांची नोंद व्हायलाच हवी. पण संरक्षण नसलेल्या मूर्तीचा अचूक ठिकाणा जगाला सांगणं म्हणजे चोराला वाट दाखवणं. तिथे गावाचं नाव पुरे, अक्षांश-रेखांश वहीत ठेवावेत.

जे खुलं करायचं ते मात्र अर्धवट खुलं करू नये. संकेतस्थळावर पान दिसतं पण यादी उतरवून घेता येत नाही, किंवा खाली ‘सर्व हक्क राखीव’ लिहिलेलं असतं. पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष ही तथ्यं आहेत. त्यांवर कुणाचा कसला हक्क? ‘ही यादी कुणीही, कशासाठीही वापरावी’ हे एक वाक्य लिहून सही केली की पुरे. विकिडेटाचा परवाना तोच आहे.

शिरगावात काय करता येईल? फार मोठी योजना मला सुचवायची नाही. मावळातल्या दोन-तीन वाचनालयांनी आपापल्या दाखल-नोंदवह्यांमधून १९५० पूर्वीची मराठी पुस्तकं वेगळी काढावीत आणि लेखकांची नावं आधी एकत्र जुळवावीत. तळेगावच्या महाविद्यालयातली दोन मुलं ओपनरिफाइन आठवड्याभरात शिकतील. दुसरीकडे शेलारवाडी, भाजे, कार्ले आणि बेडसे इथल्या लेखांतले दाते, त्यांची गावं, त्यांचे व्यवसाय ल्यूडर्सच्या क्रमांकांसह विकिडेटात घालावेत, मराठी नावांसह. कार्ल्याच्या एका लेखात ‘मामाड’ म्हणून जो प्रदेश येतो तो आपला मावळ, असं अभ्यासक मानतात. तेही मत, मत म्हणून, तिथे असावं. हे झालं की आज कुणाला न सुचणारे प्रश्न विचारता येतील. मावळाशी नातं असलेली माणसं आणखी कोणत्या गावांत भेटतात, असं विचारून पाहा. तळेगावच्या दाभाड्यांचे सेनापती त्र्यंबकराव १७३१ मध्ये गुजरातेत डभईजवळच्या लढाईत पडले. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, त्यांचा जन्म १८८३ चा, डभईचाच. मराठ्यांची फौज गुजरातेत गेली, तिच्यामागे मराठी कुटुंबं तिकडे रुजली आणि दीडशे-दोनशे वर्षांनी त्यांतली काही माणसं परत मावळात आली. ही गोष्ट कुठल्या एका पुस्तकात नाही. ती दाभाड्यांच्या दप्तरात अर्धी आहे आणि कैवल्यधामच्या ग्रंथालयात अर्धी.

या कामाला एक तारीखही आहे. कोसंबी आणि कुवलयानंद दोघेही १९६६ मध्ये गेले. त्यांनी स्वतः लिहिलेलं साहित्य १ जानेवारी २०२७ पासून स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. इतरांनी केलेली भाषांतरं अर्थात वेगळी. कार्ल्याच्या लेखांवरचं कोसंबींचं लेखन आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातले स्वामीजींचे लेख त्या दिवसापासून कुणालाही प्रसिद्ध करता येतील. लेखांची यादी, त्यांत आलेली गावं, माणसं आणि शिलालेख यांचे क्रमांक त्याआधी जुळवून ठेवायला मात्र आजही कुणाची परवानगी लागत नाही. व्याख्यान संपल्यावर ज्यांना या यादीत काम करायचं असेल त्यांनी इथल्या ग्रंथपालांकडे नाव द्यावं. पहिल्या बैठकीला मी येईन.